शेगडीसमोरचा पाट

चीर कडेपासून सुरू झाली होती. कातडं जिथे लाकडी कड्याला चिकटवलेलं असतं तिथे ती केसाएवढी बारीक होती आणि मध्याकडे येता येता करंगळी जाईल इतकी रुंद झाली होती. जळल्याचा वास कुठेच नव्हता. कातडं भाजलं नव्हतं, नको इतकं ताणलं गेलं होतं. दामिनीने खंजिरी दिव्यासमोर धरली, तेव्हा चिरेतून आलेली उजेडाची रेघ तिच्या तळहातावर पडली.

या हिवाळ्यात फाटलेली ही दुसरी खंजिरी.

दामिनी अकोल्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आईच्या, मनकर्णाबाईंच्या, वर्षश्राद्धासाठी ती चांदूर बाजारला आली होती. संध्याकाळी अंगणात भजन होतं आणि खंजिरी तिचे वडील खुशालराव वाजवणार होते. मंडळात ती दुसऱ्या कोणी वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं. शेजारी बसून झांज धरणाऱ्या भगवंतला आता तरी ती द्या, असं मंडळी कधीपासून म्हणत. खुशालराव म्हणत, पुढच्या साली पाहू.

अंगणात सतरंजी अंथरता अंथरता भगवंतनेच विचारलं, "खुशालभाऊ, कातडं शेकून राहिले का भरताचं वांगं?"

सगळे हसले. खुशालरावही हसले, पण जरा मागून, इतरांचे चेहरे पाहून. दूरच्या शेतात कोणी कुऱ्हाड मारली की घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. तेवढंच अंतर दामिनीला त्या हसण्यात दिसलं. बाबा तर भगवंतपासून चार हातांवर बसले होते.

कातड्यात चूक नव्हती. थंडीत दव पडलं की कातडं ओल धरतं, सैल पडतं, त्याची कंपनं मंदावतात आणि आवाज बद्द येतो. शेगडीवर धरलं की ते सुकतं, ताणतं, भराभर कंप पावतं आणि आवाज चढतो. कुठे थांबायचं ते कानाने ठरवायचं. खुशालराव जन्मभर ते ठरवत आले होते. तिने विचारलं तर म्हणाले, आता बकऱ्याचं कातडंच हलकं येते. कानांचा विषय काढला, तर उठून गायीला पाणी दाखवायला गेले.

स्वयंपाकघरात शेजारच्या माणिकबाई लसूण सोलत होत्या. शेवटची काही वर्षं मनकर्णाबाई म्हाताऱ्याला शेगडीपाशी एकटं बसूच देत नव्हत्या, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. समोर पाट टाकून बसायच्या. खंजिरी शेकून झाली की तळहात वर करायच्या आणि खुशालराव ती उतरवायचे. बाया चिडवायच्या, या वयात काय एकमेकांकडे पाहत बसता? त्यावर मनकर्णाबाई म्हणायच्या, मले थंडी वाजते.

दामिनी भिंतीला टेकून उभी राहिली. उतारवयात कान आधी भराभर होणारी कंपनं ऐकणं सोडतो. कातड्याचा घुमारा उरतो, त्यातली धार जाते. बाबांना आता प्रत्येक खंजिरी सैलच वाटत असणार, म्हणून ते शेकत राहत होते. पाटावरचं माणूस गेलं आणि कातडी फाटू लागली.

आईचा आवाज बारीक होता, चढा. तो तर खंजिरीच्याही आधी गेला असेल. या घरात किती वर्षं तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत डोळ्यांतूनच पोचत होतं, कोण जाणे.

दिवेलागणीला माणसं जमली. उरलेली एकच खंजिरी घेऊन खुशालराव ओसरीवर शेगडीपाशी बसले. ती निखाऱ्यांवर फिरवायची, बोटाने टिचकी मारायची, कानाशी न्यायची. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शेकायला धरली. पुढची टिचकी दामिनीला आतून ऐकू आली. खणखणीत होती. त्यांनी पुन्हा मान हलवली.

ओरडून सांगता आलं असतं, पण अंगणभर लोक होते. तिने कोपऱ्यातला पाट उचलला आणि शेगडीसमोर टाकून त्यावर बसली. खुशालरावांनी सवयीने वर पाहिलं. दामिनीने तळहात वर केला.

ते त्या हाताकडे बघतच राहिले. मग त्यांनी खंजिरी उतरवून मांडीवर ठेवली.

"मायनं सांगतलं तुले?"

"नाही. माणिकमावशींनी." चेहरा उजेडात राहील असं बसून ती सावकाश बोलली. "बाबा, कानाला मशीन लावलं तर ऐकू येईल. जठारपेठेत माझ्या घराजवळच दवाखाना आहे. उद्या माझ्याबरोबर चला."

"मशीन लावून आता कोनाचं आयकू?"

खुशालराव कातड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"तिचा आवाज येनं बंद झाला तवा मी तिले सांगतलं नाई," ते म्हणाले. "वाईट वाटलं असतं तिले. तिनंबी कधी इचारलं नाई. तिले समजलंच असन. मंग हात दाखवे."

अंगणात कोणीतरी पेटीचा सूर धरला. त्यांना तो आला की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. निखाऱ्यांवर राख धरू लागली होती. खुशालरावांनी पाटाकडे एकदा पाहिलं आणि भगवंतला हाक मारली, गरजेपेक्षा मोठ्याने. तो धावत आला आणि ओसरीखाली उभा राहिला. पेटी थांबली. सगळं अंगण इकडे पाहू लागलं.

खुशालरावांनी गरम खंजिरी त्याच्या हातात दिली.

"घे. आजपासून तू वाजव. मले आयकू येत नाई."