होण्याआधी सांगणारा

हरेशच्या आधी त्याचा आवाज यायचा. ओहोटीला खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ, चिखल आणि सुकत घातलेले बोंबील यांचा मिळून जसा एकच गंध असतो, तसं त्या आवाजात हसू, हाक आणि हुकूम एकजीव झालेलं असे. कोपरच्या खाडीकाठच्या कोळ्याचा पोरगा. होडीतल्या बापाला काठावरून बोलावता बोलावता गळा घडलेला.

मी आठवी सोडून संगमेश्वराकडून डोंबिवलीत आलेलो, लेथ मशीनवर हाताखाली लागलेलो. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागं सरायचो. रविवारी मात्र व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, मारामारीच्या गेमच्या निळ्या उजेडात, माझी बोटं माझ्यापेक्षा धीट व्हायची. सगळे मला ‘कोकण्या’ म्हणत. नाव कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते हरेशनं.

तो स्वतः क्वचितच खेळे. पडदा एवढासा, मागच्यांना दिसायच्या नुसत्या पाठी. त्यांच्यासाठी हा स्टुलावर चढून खेळ सांगायचा. त्याची मान झुकली की गर्दी झुके, हात वर गेला की श्वास वर जात. आणि नवल हे, की तो घडलेलं सांगतच नसे. घडणार तेच आधी सांगे. ‘‘खांदा बोलतो रं,’’ म्हणायचा, ‘‘बोट मागनं येतं.’’ त्याचं भाकीत चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

वैशाखातल्या एका दुपारी ठाण्याला, माजिवड्याच्या पार्लरमध्ये स्पर्धा भरली. जिंकणाऱ्याचं नाव मशीनच्या कडेवर रंगानं लिहिणार होते. माझं नाव, परक्या मुलखात, रंगानं! त्या एका कल्पनेनं मी सकाळपासूनच तिथं येऊन उभा होतो. फायनलला मी आणि तिथला पिंट्या, खांद्याला खांदा लावून. बाहेर उन्हात रस्ताभर पोरं, आणि दारात स्टुलावर हरेश.

‘‘आता उरी मारतंय बगा!’’ तो ओरडला, आणि मी उडी मारण्याआधीच, ते ऐकून, पिंट्याचा ठोसा वर तयार. ‘‘आता खालनं लाथ!’’ पिंट्या लाथ अडवून बसलेला. पहिला राउंड असा डोळ्यांदेखत गेला. आमची पोरं खवळली, ‘‘ए हरेश, गप ना! आपल्याच पोराचा पोपट करतोस काय?’’ हरेशचा चेहरा दिवा मालवावा तसा झाला. बाहेरून गलका, ‘‘अरे, सांग ना भाऊ, काय चाललंय?’’

तेव्हा मी, चार माणसांत न बोलणारा, मान वळवून म्हणालो, ‘‘बोल तू. थांबू नको.’’

दुसऱ्या राउंडला मी खांदा उडीसाठी उचलला. ‘‘उरी!’’ हरेश गरजला. मी खाली बसलो आणि लाथ फिरवली. पिंट्या आडवा! बाहेर हशा, ‘‘ए, चष्मा लाव रे!’’ हरेशनं क्षणभर माझ्या खांद्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. मग तो दुप्पट जोरानं, दुप्पट खात्रीनं, माझा खांदा सांगेल तेच सांगत राहिला आणि दर वेळी चुकत राहिला. खोटं तो एकही बोलला नाही. खोटा होता माझा खांदा. शिट्ट्या, टोमणे, ‘अडाणी’ अशा आरोळ्या त्यानं हळदीसारख्या अंगाला लावून घेतल्या. इतक्या दिवसांचा तोरा त्या दोन मिनिटांत त्यानं माझ्यावरून ओवाळून टाकला.

दोघांचा एकेक राउंड झाला. तिसऱ्यात पडद्यावरच्या पट्टीतलं दोघांचं रक्त संपत आलेलं, एका फटक्याचा खेळ. ‘‘आता उरी मारतंय!’’ हरेशचा आवाज फाटला. पिंट्याचा आता त्यावर विश्वास उरलेला नव्हता. तो लाथ अडवायला खाली बसला.

मी उडी मारली.

पोरांनी मला उचललं, पण माझे डोळे दाराकडे होते. ‘‘बोललेलो ना मी!’’ स्टुलावर उभा राहून तो रडत, हसत, छाती ठोकत होता. मग त्यानंच पेंटरला माझं नाव सांगितलं, खाडीपार ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पार्लर गेलं, मशीन भंगारात गेलं, हरेशही कुठे पांगला ते कळलं नाही. काळाचा खांदा वाचणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. काळ आपली चाल न सांगताच करतो, आणि कोण निघून गेलं हे फार उशिरा, सगळं शांत झाल्यावर उमगतं.