पाहुण्या गाईंचा रकाना

मी एक गणित बोलतोय. दचकू नका, सोडवायला कुणी सांगणार नाही. गाईंमध्ये गोचीडताप कुठे आणि किती पसरेल, ते मी आधीच सांगतो. आणि बरोबर सांगतो. एकदाच चुकलो, तेही सांगतो.

माझा जन्म नांदीच्या टेकड्यांत, जेलागतच्या वहीत झाला. ती एल्डोरेट शहरात कॉलेजला शिकायची आणि सुट्टीत घरी आली की गाईंच्या कानांतले गोचीड मोजत बसायची. शेजारणी हसायच्या, "एवढं शिकून शेवटी हेच का गं?" गोठ्यात गाई किती, कानांत गोचीड किती, फवारणी कधी झाली, एवढ्यावर मी उभा राहिलो.

एका पावसाळ्यात फवारणीचं औषध कमी आलं. मी छातीठोकपणे सांगितलं, आधी वरच्या उतारावर फवारा, खाली धोका नाही. गावानं ऐकलं.

तीन आठवड्यांत खालच्या ताप्सुबेईचं वासरू गेलं. नवरा नाही, एकुलती एक गाय. ती दारात येऊन म्हणाली, "पोरी, विचार तुझ्या गणिताला, आता गाय तरी राहील का?"

जेलागतचे वडील मुरसिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, भोपळा हलवत बसले होते. ते हळूच म्हणाले, "वरच्या किप्तारुसची लाल गाय दोन महिने हिच्याच गोठ्यात आहे. वरचे गोचीड तिच्याबरोबर खाली आले."

"बाबा! मग मला सांगितलं का नाहीत?" जेलागत म्हणाली.

"गाई किती, ते विचारलंस. कुणाची कुठे, ते कधी विचारलंस? आणि विचारलं असतंस तरी कोण सांगणार होतं!"

आमच्याकडे सगळ्या गाई एका गोठ्यात कुणी ठेवत नाही. मित्रांकडे वाटून ठेवतात, दूध त्यांनी प्यायचं आणि गप्प राहायचं. एक गोठा बुडाला तरी माणूस बुडत नाही. जेलागतला हे लहानपणापासून ठाऊक होतं, वहीत लिहायचं मात्र सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मग जेलागत वही घरी ठेवून दारोदार फिरली. "नाव नको, पाहुण्या गाई किती तेवढंच सांगा." लोक बोलले. माझ्यात एक रकाना वाढला आणि मी पुन्हा ठणकावून सांगितलं, उरलेलं औषध आधी पाहुण्या गाईंच्या गोठ्यांत. पहिली ताप्सुबेई.

तिची गाय वाचली. पुढच्या वर्षी व्यालीसुद्धा, कालवड झाली.

परवा ताप्सुबेईनं ती कालवड आणून जेलागतच्या अंगणात बांधली. "आहे माझी, पण राहील तुझ्याकडे. कुणाला सांगू नकोस हं." जेलागतला रडू आवरेना.

संध्याकाळी तिनं वही उघडली. पाहुण्या गाईंच्या रकान्यात स्वतःच्या गोठ्यापुढचं शून्य खोडून एक लिहिला. कुणाची, ते लिहिलं नाही. मी तुम्हाला सांगून बसलोय, तेवढं कुठे बोलू नका.