एका खुर्चीची जागा

"यादीत एकशे चाळीस जण आहेत. येतील साठ," असं म्हणत व्यवस्थापक फूटपट्टीने मोठ्या सभागृहाची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

समोर पंपमिस्त्री बसला होता. बायको जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या आजारपणात ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांना एकदा चहाला बोलावून आभार मानावेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

फूटपट्टी हे सभागृहाच्या व्यवस्थापकाला लोकांनी ठेवलेलं नाव. गेली एकोणतीस वर्षं तो पावलांनी जागा मोजत आला होता. माणशी दहा चौरस फूट. भाऊबंद असले तर आठ, कारण ते एकमेकांना चिकटून बसतात. ऑफिसवाले असले तर बारा, कारण ते मधली एक खुर्ची हटकून सोडतात. रिकाम्या खुर्च्यांशी त्याचं जुनं वैर होतं. अर्ध्या सभागृहापुढे बोलायला उठलेल्या यजमानाचा पडलेला चेहरा त्याने फार वेळा पाहिला होता.

"तुमचं घर पाहिलेली माणसं किती, तेवढीच धरायची," तो समजुतीने म्हणाला. "शेजारची छोटी खोली घ्या मिस्त्री. भरलेली दिसेल."

"तुम्ही म्हणाल तसं. फक्त पुढच्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवा. तिची."

फूटपट्टीने मान डोलावली, पण ती खुर्ची काही हिशेबात धरली नाही.

रविवारी चार वाजता साठ खुर्च्या भरल्या. सव्वाचारला रांग जिन्यापर्यंत गेली. फूटपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. दारातल्या एका बाईंना त्याने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही हो. पंप बंद पडला की मी फोन करायचे. मिस्त्री कामावर असायचे, फोन त्या घ्यायच्या. 'घाबरू नका, संध्याकाळपर्यंत पाणी येईल,' म्हणायच्या. आणि यायचंच. गेल्या आठवड्यात फोन मिस्त्रींनी उचलला, तेव्हा त्या गेल्याचं आणि आजच्या चहाचं कळलं."

"त्यांना कधी भेटला होतात?"

"नाही. नुसता आवाज ओळखीचा."

मागच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. त्यांचंही तेच होतं. आपलं काय चुकलं, ते फूटपट्टीला तिथेच उमगलं. आवाज ओळखणारी माणसं त्याने मोजलीच नव्हती. त्याने धावत जाऊन मोठ्या सभागृहाकडची घडीची भिंत सरकवली. इतक्या वर्षांत आपला अंदाज चुकल्याचा त्याला पहिल्यांदाच आनंद झाला.

तरीही पुष्कळ जण उभेच होते. पुढच्या खुर्चीवर मिस्त्रीने तिची तक्रारींची वही ठेवली होती, दोऱ्याने पेन बांधलेली. काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मिस्त्री बोलायला उठला. "मी आभार मानायला बोलावलं तुम्हाला," तो म्हणाला. मग त्याने सगळीकडे नजर फिरवली. "इतके जण बघून ती म्हणाली असती, घाबरू नका, चहा पुरेल."

लोक हसले, आणि हसताहसताच बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

दोन्ही बाजूंच्या गर्दीने वहीची खुर्ची अगदी चेपली गेली होती. फूटपट्टी वाकून पुढे गेला आणि हलक्या आवाजात त्याने रांगेला एकेक पाऊल सरकायला सांगितलं. नेहमीच्या दहा चौरस फुटांपेक्षा जरा जास्तच जागा त्याने त्या खुर्चीभोवती सोडली, आणि मग आजोबांशेजारी तोही उभा राहिला.