उशाकडची आणि पायथ्याकडची

महिला वॉर्डात पेशंट उचलायची आमची एक रीत होती. ट्रॉलीवरून खाटेवर घ्यायचं, तर पेशंटखालची चादरच धरायची. उशाकडची टोकं माझ्या हातात, पायथ्याकडची स्नेहलताताईंच्या. मी म्हणायचं, "जय." मुठी आवळायच्या. ताईंनी म्हणायचं, "गजानन." की उचललं. शेगाव इतकं जवळ असल्यावर दुसरं काय म्हणणार? वर्षानुवर्षं आम्ही दोघी बैलजोडीसारख्या त्या वॉर्डाला जुंपलेल्या होतो. बैलांचे निदान पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे तरी शेकतात.

चार सिस्टरांचा वॉर्ड आम्ही दोघी ओढत होतो. वॉर्डबॉय कधी एक्स-रेला, कधी साहेबांच्या कामाला. खाटा वर-खाली न होणाऱ्या, त्यामुळे वाकायचं ते कमरेतूनच. ताईंचे मणके झिजले, माझा उजवा खांदा गेला. ताई युनिफॉर्मखाली पट्टा बांधून यायच्या. त्यांचे यजमान म्हणायचे, "दवाखान्यातच असतं ना तू दिवसभर, तरी दुखते कसं?" यावर आम्ही दोघी पोट धरून हसायचो. रडून तरी काय मिळणार होतं?

बसून करायचं काम आख्ख्या दवाखान्यात एकच, लसीकरणाच्या खोलीत. तिथल्या सिस्टर उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. मेट्रन बाईंनी आम्हाला बोलावलं.

"दोघींचंही दुखतं, मला कळतं. पण खुर्ची एकच आहे. तुम्हीच ठरवा."

म्हणजे आता आम्ही एकमेकींची दुखणी मोजायची! माझं डोकंच फिरलं. ताई मात्र बाहेर येऊन म्हणाल्या, "तू जाय वं पुष्पांजली. तुहा हात वर नाई होत, वेणी घालाले लेक लागते तुले. दिवाळीपर्यंत तू बस, दिवाळीपासून मी. तोवर माही कंबर दम धरते."

मी गेले. काहींना वाटत होतं, मला वाईट वाटावं. का वाटावं? दोन खुर्च्या ठेवणं ज्यांच्या हातात होतं, त्यांना वाटू दे. पहिल्या आठवड्यातच खांद्याचं दुखणं कमी झालं आणि त्या खोलीत, लहान लेकरांच्या रडण्यात, मीही रडून घेतलं. घरी जाताना रोज वॉर्डात डोकावायची.

"कंबर?"

"आहे वं जाग्यावर," ताई म्हणायच्या. दिवाळीपर्यंत ती टिकावी, एवढंच मी रोज मनात म्हणायची.

माझ्या जागी प्रेरणा आली. नुकती कॉलेजातून निघालेली, चांगली पोर. तिला "एक, दोन, तीन"वर उचलायला शिकवलेलं, तेही चौघी मिळून. ताईंनी तिला आमची रीत शिकवली. तीही "जय" म्हणायला लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोताळ्याकडची एक बाई आली. शेतात पडून मांडीचं हाड मोडलेलं. अंगानं भरलेली, वेदनेनं नुसती ओरडत होती. प्रेरणा घाबरली आणि घाबरल्यावर माणूस आधी शिकलेलंच बोलतं. "एक, दोन, तीन" म्हणून तिनं उशाकडून उचललं. ताई "जय"ची वाट पाहत होत्या. त्यांच्या मुठी सैलच होत्या. पायथ्याची टोकं निसटली, बाई ट्रॉली आणि खाटेच्या मधल्या फटीत घसरायला लागली, तशा ताई वाकल्या, कमरेतून वळल्या आणि सगळं वजन त्यांनी अंगावर घेतलं.

बाईला खरचटलंसुद्धा नाही. तिचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, जरा पाहून उचलत जा ना." ताई म्हणाल्या, "हाव भाऊ." आणि सरळ व्हायला गेल्या, तर त्यांना उभंच राहता येईना.

त्यांना तपासणीला बुलढाण्याला नेलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. संभाजीनगरला ऑपरेशन होईल, पण पायांत ताकद परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिकडच्या गाडीची सोय होईपर्यंत ताईंना परत आणलं ते आमच्याच वॉर्डात.

मी लसीकरणाची खोली तशीच टाकून धावले. ट्रॉली खाटेला लावलेली. प्रेरणा भिंतीला टेकून रडत होती.

"सिस्टर, मी नाही धरणार. परत निसटलं तर?"

"मग कोण धरणार?" मी खेकसले. "तुझ्या कॉलेजातल्या त्या चौघी?"

बोलले आणि तिची कीव आली. तिनं काय चूक केली होती? तिला कुणीतरी बरोबर शिकवलं होतं, एवढंच.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन आली वं? खांदा पाह्य ना तुहा."

"गप्प राहा तुम्ही."

"दिवाळीले मी बसतो बरं खुर्चीवर."

"हाव," मी म्हणाले. पेशंटशी खोटं बोलायला मी या वॉर्डातच शिकले होते. ताईंशी कधी बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मी उशाकडे गेले. प्रेरणा डोळे पुसत पायथ्याकडे आली. मी टोकं धरली आणि म्हणाले, "जय."

प्रेरणाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"गजानन," ताई म्हणाल्या. चादरीवर पडल्या पडल्या, डोळे मिटून, सवयीनं. आम्ही उचललं. माझ्या खांद्यात काहीतरी कटकन तुटल्यासारखं झालं, तरी मी टोकं सोडली नाहीत. खाली पाहिलं, तर ताईंच्या दोन्ही मुठींत चादर घट्ट धरलेली, मनगटाच्या शिरा ताठलेल्या. आमच्याबरोबर त्याही उचलत होत्या. त्यांचे पाय तेवढे जसे ठेवले होते तसेच पडून राहिले.