थोरल्या दिरासमोरची खुर्ची

भोकरदनजवळच्या त्या घरात सकाळपासून चहाचं पातेलं चुलीवरून उतरलं नव्हतं. पुतणीच्या सोयरिकीची बोलणी होती. नंदाबाई आतल्या खोलीत उंच खुर्चीवर बसून सुपारी कातरत होत्या. दोन महिन्यांपूर्वी जालन्यात त्यांचा उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता, म्हणून मुलानं, कल्याणनं, ही खुर्ची मुद्दाम आणली होती. जमिनीवर बसायचं नाही, हे डॉक्टरांनी निक्षून बजावलं होतं. पण बजावलं ते कल्याणला आणि थोरले दीर पुंजाराम यांना. नंदाबाई तेव्हा बाहेर बाकावर होत्या. बाईमाणसाला आत नेऊन करायचंय काय?

"खाली नको बसू," एवढंच कल्याणनं सांगितलं. बसलं तर सांध्याचा गोळा वाटीतून निसटतो, हे गिळून टाकलं. आई घाबरेल म्हणे!

तेवढ्यात पुंजाराम आत आले. त्यांच्या बायकोनं, जाऊ उषाबाईंनी, डोळ्यांनी खूण केली. थोरल्या दिरासमोर सून खुर्चीत बसत नाही, ही त्या घरची रीत. नवरा गेल्यापासून नंदाबाई ती जास्तच कडक पाळत. विधवेला नावं ठेवायला लोक टपलेलेच असतात. त्यांनी पदर सावरला आणि त्या खाली उतरून बसल्या. पुंजाराम पाहत होते, कल्याणही पाहत होता. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही.

सुपारीचं ताट ओढायला त्या पुढं वाकल्या, तोच खुब्यात कट्कन आवाज झाला. त्यांच्या किंकाळीनं पाहुणे धावत आले. पाय आत वळून आखूड झाला होता.

जालन्यात भूल देऊन सांधा परत बसवला. काही दिवसांत कूस बदलताना पुन्हा निसटला. आता वाटीच बदलावी लागेल, असं डॉक्टर आसिफा म्हणाल्या. पुढचं बोलायला दोघे पुरुष पुन्हा तपासणीच्या खोलीकडं निघाले.

"कल्याण, मला आत ने."

"आई, आम्ही बोलून येतो ना."

"मागल्या टायमाला बी तुमीच बोलून आल्ते. निसटलं ते हाड माझं. ने आत."

व्हीलचेअर आत आली तसं पुंजारामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, पण खाली उतर म्हणाले नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसलेली भावजय त्यांना चालत होती, चार पायांच्या खुर्चीतली तेवढी चालत नव्हती.

"ही दुहेरी फिरणारी वाटी," डॉक्टर नंदाबाईंकडं पाहून म्हणाल्या. "यातून गोळा सहजी निसटत नाही. पण दुसऱ्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचा धोका जास्त. पाय थोडा आखूडही राहू शकतो."

"भारीतली टाका, डॉक्टर," पुंजाराम मधेच बोलले. "मंग चार माणसांत खाली बसता येईन ना बराबर?"

नंदाबाई त्यांच्याकडं वळल्या. "पयला सांधा बी चांगलाच व्हता, भाऊजी. तुमच्या रीतीनं निखळला त्यो. डॉक्टर, धोका मला समजला. टाका ही वाटी. पर मी आता खाली बसनार न्हाई. कोनाम्होरं बी न्हाई."

"कल्याण, आईला सांग, लोकं काय म्हनतील!"

"कल्याणला काऊन सांगता? मी हितंच बसून राह्यले ना. मलाच सांगा."

कल्याणनं मान खाली घातली आणि तो आईच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला.

ऑपरेशन पार पडलं. पाय बोटभर आखूड राहिला तो राहिलाच. थंडी सरता सरता पुतणीची सुपारी फोडायला पाहुणे आले. पुंजाराम त्यांना घेऊन आत शिरले आणि उषाबाईंनी सवयीनं डोळ्यांची खूण केली.

नंदाबाई खुर्चीतच होत्या.

"बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "खुर्च्या लई हायेत."

गुडघे धरून भिंतीशी बसलेल्या उषाबाई कण्हत उठल्या. सगळं आयुष्य जमिनीवर काढलेल्या त्या बाईनं एक खुर्ची ओढली, जावेच्या शेजारी मांडली आणि ती नवऱ्यासमोर खुशाल बसली. पुंजारामांनी चहा उभ्यानंच घेतला.

सांधे घडवणारे उद्या याहून चांगले सांधे घडवतील. पण वाचकहो, तुमच्या घरात आत्ता पुरुष खुर्चीवर बसलेत. जमिनीवर कोण बसलंय, एकदा मान वळवून बघा.