लाडूचा मालक

उल्हासने लाडूच्या तोंडाला जाळी चढवली आणि मगच दार उघडलं. दुबई पालिकेचा अधिकारी आत आला, तशी लाडूने शेपटी हलवली. धोकादायक ठरलेल्या कुत्र्याला हे शोभत नव्हतं.

"कुत्ते का मालिक?"

"मैं."

"और काटा किसको?"

उल्हासने सोफ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्याची आई हाताला बँडेज बांधून बसली होती. अधिकाऱ्याने मायलेकांकडे पाहिलं आणि टॅबवर पुन्हा खात्री करून घेतली.

गुरुवारी पहिली पोळी लाडूला द्यायची म्हणून आईनेच जाळी काढली होती. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, त्यांना कुणी जाळ्या बांधतं का, असं तिचं म्हणणं. लाडू अधीर झाला आणि पोळीबरोबर हातही तोंडात गेला. जखम बांधणाऱ्या क्लिनिकने पालिकेला कळवलं.

"साहेब, गलती मेरी है," आई म्हणाली. "जाली मैंने निकाली."

"माताजी, केस मालिक पर ही बनता है."

उल्हासचं डोकं चक्रावलं. चावला कुत्रा, जाळी काढली आईने, आणि आईला इजा केल्याची नोंद त्याच्या नावावर.

अधिकारी भला होता. त्याने शांतपणे समजावलं. जाळी, पट्टा, विमा हे तर हवंच. पण या केसमध्ये जखमी माणूस आणि कुत्रा एका घरात राहू शकत नाहीत. कुत्र्याला आत्ता गाडीतून न्यायचं का?

"वापस मिलेगा?" उल्हासच्या बायकोने, स्मिताने विचारलं.

"इन्शाल्ला."

दुबईत इतकी वर्षं काढल्यावर असा इन्शाल्ला म्हणजे नाही, हे तिला कळत होतं.

त्यांचा मुलगा रेयांश लाडूच्या गळ्यात हात टाकून बसला होता. "बाबा, से समथिंग."

उत्तर सोपं होतं. कुत्रा न्या, एवढंच म्हणायचं. समोर जन्मदात्री बसली होती. पण उल्हासला ते म्हणवेना. का म्हणवत नाही हे त्यालाच उमगेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

आई त्याच्याकडे बघत होती.

"मेरा तो परसों का टिकट है," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "कुत्ता रहने दो."

तिचं भारतात परतायचं तिकीट पार दिवाळीनंतरचं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. उल्हासने स्मिताकडे पाहिलं, स्मिताने फरशीकडे. आईला कुणीच टोकलं नाही.

"तो परसों तक अलग कमरा, दरवाजा बंद," अधिकारी उठत म्हणाला. "खलास."

तो गेल्यावर आई सोफ्याचा हात धरून उभी राहिली.

"मग मी कुठल्या खोलीत बसू रे?" तिने विचारलं.