सरदाराचा पदर

इश्वरने हात पाठीमागे नेऊन भिंतीवरच्या बोर्डाचं बटण हळूच बंद केलं आणि जाहीर केलं,

"लाइन गेली, पोरी. आता संध्याकाळशिवाय येत नाही."

कीर्तीने मांडीवरच्या लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही.

"चालते ना काकाजी, याला बॅटरी असते."

झालं. इश्वर निमूटपणे खाटेवर बसला. सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, टोकाला मंदाबाई सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं, आणि पुन्हा डाळीत बोटं फिरवायला लागली.

कीर्ती भंडाऱ्याच्या नंदलालची मुलगी. नंदलाल हातमागावर कोसा विणायचा आणि धोटा फेकता फेकता नाटकं रचायचा. झाडीपट्टीत धान घरी आलं की गावोगाव नाटकं लागतात, आणि त्यांत सासू-सुना, दारुडे नवरे आणि इनामदार सोडून कोणाला जागा नसते. नंदलालने तिथे थेट आभाळातली माणसं उतरवली. त्याच्या 'आभाळस्वारी'त परग्रहावरचे लोक सुकलेल्या तळ्यात उतरतात आणि पृथ्वी काबीज करायला सुरुवात कुठून करावी म्हणून आपलंच गाव निवडतात. पहिल्या वर्षी लोकांनी नाटक नुसतं सोसलं. दुसऱ्या वर्षी 'आभाळस्वारी पुन्हा आली', आणि दिघोरीच्या प्रयोगात असं काही घडलं की लोक वेडेच झाले. मग स्वारीचं लग्न झालं, स्वारी रुसली, स्वारीला नातू झाला. पाच भाग निघाले. आता नंदलाल जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी मंडईच्या जत्रेच्या दिवशी पोरं तोंडाला हिरवा रंग फासून फिरत. कॉलेजातल्या मुलांच्या बनियनवर सरदाराचं चित्र होतं. नागपूरच्या एका प्राध्यापकाने त्यावर निबंध वाचला होता. तो कोणाला कळला नाही ही गोष्ट वेगळी, पण टाळ्या पडल्या.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता तो सरदाराचा पदर. गाव जाळायला निघालेला आभाळवाल्यांचा सरदार म्हाताऱ्या पोलीस पाटलासमोर येतो आणि एकाएकी अंगावरचं झगमगतं वस्त्र डोक्यावर ओढून, अंग चोरून बाजूला उभा राहतो. बस, एवढंच. दिघोरीत हे झालं तेव्हा मांडव आधी हसला, मग चूप झाला, आणि मग टाळ्या थांबेनात. जे पृथ्वी घ्यायला आले ते वडीलधाऱ्यापुढे नमले, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. नंदलालने पुढचे तिन्ही भाग त्या एका पदरावर उभे केले.

सरदार म्हणजे इश्वर. पाचही भागांत तोच. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचं पाच शिंगांचं मुंडकं, तोंडाशी तुपाचा पत्र्याचा डबा, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यागत यायचा. त्याचं तोंड कधी कोणी पाहिलं नाही, पण नाव सगळ्यांनी ऐकलं. वाचता त्याला जेमतेमच यायचं. मंदाबाई चुलीपाशी बसून संवादांची नक्कल वाचून दाखवायची आणि तो पाठ करायचा, तिच्याच सुरात. सरदाराचे कपडेही तिनेच शिवलेले. दिघोरीच्या पदरासाठी इश्वरला आजवर बावीस शाली मिळाल्या होत्या. मंदाबाई त्यावर कधी काही बोलली नाही. शाल आली की घडी करून ट्रंकेत ठेवायची.

"साकोलीला एक लग्नाची शूटिंग करणारे होते," कीर्ती सांगत होती. "त्यांच्या माळ्यावर कॅसेट सापडली, ती यात उतरवून आणली. दिघोरीचा प्रयोग, काकाजी. पूर्ण. बाबांवर लिहितेय त्या पुस्तकात एक अख्खा भाग त्याच्यावरच आहे. म्हटलं, आधी तुमच्यासोबत पाहू."

इश्वरची नजर पुन्हा त्या बंद बटणाकडे गेली. कारण दिघोरीत सरदार तो नव्हताच.

आदल्या गावात लोकांनी 'मक्याचं कणीस' म्हणून त्याची हुर्यो उडवली होती. दिघोरीत त्याचा धीर सुटला. सरदाराची एन्ट्री लोकांच्या मागून, धानाच्या बांधीतून असायची, म्हणून तो धानाच्या पुंजण्याआड एकटाच कपडे घालायचा. मंदाबाई कपडे तिथे आणून द्यायची आणि बायकांत जाऊन बसायची. त्या रात्री त्याने कपडे तसेच पुंजण्यावर टाकले आणि तळ्याच्या पाळीवर जाऊन गुडघ्यांत डोकं घालून बसला. दुरून हसू ऐकू आलं, मग सारं शांत, मग कधी ऐकल्या नव्हत्या अशा टाळ्या. तो परतला तेव्हा कपडे पुंजण्यावर होते, पण ऊबदार. काय करावं न सुचून त्याने मुंडकं काखोटीला मारलं, तेवढ्यात नंदलालने येऊन त्याला मिठी मारली. 'मी नव्हतो' हे दोन शब्द ओठांवर आले आणि तिथेच राहिले. तेहतीस वर्षं राहिले.

कोण असेल ते? इश्वरने पुष्कळ हिशेब मांडून पडदा ओढणाऱ्या राजकुमारवर बोट ठेवलं. त्याला सगळ्यांचे संवाद पाठ असायचे. तोंड बंद राहावं म्हणून इश्वर दरवर्षी नव्या धानाचे पोहे त्याच्या घरी पोहोचवायचा. राजकुमारला त्याचं कारण कधीच कळलं नाही. सोयरीक जुळवायची असेल असं समजून त्याने एकदा आपल्या मुलीची पत्रिकाही पाठवली.

पण खरी भीती राजकुमारची नव्हती. आपण भित्र्या माणसासोबत जन्म काढला, हे मंदाबाईला कळेल, याची होती. आणि आता ती चार हातांवर बसली होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर आधी पांढऱ्या मुंग्या दिसल्या, मग दिघोरीचा मांडव. इश्वरचा थोरला भाऊ भैयाजी पोलीस पाटील होऊन मिशा पिळत होता. लोकांच्या मागून सरदार आला. उंच होता, इश्वरएवढाच. डब्यातून आवाज घुमला, एक अक्षर चुकलं नाही. समोरून भैयाजी लाकडी बंदूक घेऊन आला.

सरदाराने डावा हात वर केला. वस्त्राची कड दोन बोटांत धरली, कपाळापर्यंत ओढली, अर्धं वळून उभा राहिला.

सुपातला आवाज थांबला.

इश्वरने तो पदर शेकडो वेळा घेतला होता. दिघोरीत केलंस तसंच कर, म्हणून नंदलालने शिकवला तसा, उजव्या हाताने, ठसक्यात. पण हा कोणी शिकवलेला नव्हता. हा हात तो रोज पाहत होता. भैयाजी दारातून खाकरला की चुलीपुढे उठायचा तोच हात. उंचीवरून लग्नात दोघांची थट्टा झाली होती, तेही त्याला आत्ता आठवलं.

कीर्तीने चित्र थांबवलं.

"काकाजी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

इश्वरला वाटलं होतं, ही वेळ आली की जीव जाईल. तसं काही झालं नाही. उलट छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा, तसं हलकं वाटलं.

"मी नव्हतो, पोरी," तो म्हणाला. "मी पाळीवर लपून बसलो होतो. भेव लागलं होतं मले. तुह्या पुस्तकात तसंच लिहिजो."

मग तो बायकोकडे वळला.

"काहून नाही सांगितलं?"

"तुमी कधी इचारलं?" मंदाबाई सुपाकडे पाहत म्हणाली. "सरदार येईना म्हणून पाहाले आले, तं कपडे पुंजण्यावर पडून, अन् तिकडं लोक बोंबलून राहिले होते. काय करणार होते मी? घातले. पण तुमच्या थोरल्या भावापुढं, भासऱ्यापुढं नाचले हे घरात कळलं असतं, तर मले तोंड दाखवाले जागा नव्हती. तुमी चूप राह्यले, बरं झालं. मले वाटलं, माह्याच इज्जतीसाठी चूप राह्यले."

इश्वर खाटेच्या कडेला सरकला.

"अन् तेहतीस वर्षं पोहे त्या राजकुमारच्या घरी," ती म्हणाली. "घरच्या माणसाले एक वाटी नाही."

कीर्तीला हसू आवरेना. तेवढ्यात अंगणात काठी वाजली. ऐंशी ओलांडलेला भैयाजी खाकरून आत आला. मंदाबाईचा डावा हात आपोआप वर गेला, पदर कपाळावर आला, ती अर्धी वळली. कीर्तीने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावर थांबलेल्या सरदाराकडे, आणि हातातली वही मिटून टाकली.

"भैयाजी," ती म्हणाली, "या जागी तुमचं मोठं भाषण होतं. बाबांच्या नकलेत दीड पान आहे. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. विसरलात का?"

भैयाजीने पडद्यावर वाकून पाहिलं, आपल्या तेव्हाच्या पिळदार मिशांकडे जरा जास्तच वेळ. मंदाबाईकडे त्याने रीतीप्रमाणे पाहिलं नाही.

"इसरतो कायले? सारं पाठ होतं." तो खाटेवर टेकला. "पण घरची सून समोर उभी. तिच्यावर बंदूक रोखू का?"

पदराआड मंदाबाईचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता, पण सुपातली डाळ सांडत होती.

इश्वर उठला. भिंतीपाशी जाऊन त्याने बटण चालू केलं, पंखा फिरायला लागला, आणि तो मंदाबाईच्या शेजारी खाली जमिनीवर येऊन बसला.

"पोरी, पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "दिघोरीचं नाटक मी अजून पाह्यलंच नाही."